टेबल अडकवणारी क्वेरी शोधायची कशी?

प्रश्न : आमचे ॲप्लिकेशन मायएसक्यूएल ८.० वर चालते. आठवड्यातून दोन-तीनदा ऑर्डर्सचे टेबल ‘लॉक’ होते. ‘शो प्रोसेसलिस्ट’ दिल्यावर त्या टेबलवरच्या तीस-चाळीस अपडेट क्वेऱ्या ताटकळलेल्या दिसतात आणि काही वेळाने १२०५ क्रमांकाची ‘लॉक वेट टाइमआउट’ ही त्रुटी येऊ लागते. सर्वांत जास्त वेळ चाललेली क्वेरी आम्ही किल करतो, तरी सुटका होत नाही. मुळात कोणत्या क्वेरीमुळे हे होते, ते खात्रीने कसे कळेल?

उत्तर : आपण जी क्वेरी किल करत आहात, ती बहुधा स्वतःच अडकलेली आहे. प्रोसेसलिस्टमध्ये सर्वांत जास्त वेळ दिसणारी क्वेरी म्हणजे पुष्कळदा सर्वांत आधी येऊन थांबलेली क्वेरी. तिला अडवणारे सेशन (डेटाबेसशी जोडलेले एक कनेक्शन) त्याच यादीत असते, पण त्याच्यापुढे ‘स्लीप’ लिहिलेले असते, क्वेरीचा रकाना रिकामा असतो आणि त्यामुळे शोधणाऱ्याची नजर त्याच्यावरून सरळ पुढे जाते. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या मूळ स्टोरेज इंजिनमधील रो-लॉक, म्हणजे एकेका ओळीवरचे लॉक, क्वेरी संपली म्हणून सुटत नाही. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या क्वेऱ्यांच्या गटात) ती क्वेरी चालली, ते कमिट (कायम) किंवा रोलबॅक (रद्द) झाले की मगच सुटते. त्यामुळे दोन मिलिसेकंदांत पूर्ण झालेली एखादी साधी अपडेट क्वेरी, तिच्यानंतरचे कमिट यायचे राहून गेले, तर तासभरसुद्धा बाकीच्यांना रोखून धरू शकते. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय कनेक्शन तोडण्याची मूळ मुदत, म्हणजे ‘वेट टाइमआउट’, २८,८०० सेकंद, अर्थात आठ तास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकाराचे गांभीर्य कळेल. तेव्हा आत्ता कोणती क्वेरी चालू आहे एवढे पाहून भागत नाही. कोणते ट्रान्झॅक्शन उघडे आहे आणि त्याने आतापर्यंत काय काय केले आहे, याचा माग काढावा लागतो.

सुरुवात ‘सिस’ या स्कीमातील ‘इनोडीबी लॉक वेट्स’ या व्ह्यूपासून करावी. (येथे व पुढे दिलेल्या नावांतील शब्द प्रत्यक्ष लिहिताना अंडरस्कोअरने जोडावेत.) प्रत्येक ताटकळलेल्या सेशनसाठी हा व्ह्यू टेबलचे व इंडेक्सचे नाव, थांबलेली क्वेरी, थांबून किती वेळ झाला, आणि अडवणाऱ्या कनेक्शनचा क्रमांक देतो. मात्र येथे पहिल्याच ओळीवर थांबू नये. समजा, ३१२ क्रमांकाला २८७ ने अडवले आहे, आणि आणखी एका ओळीत २८७ ला ९४ ने अडवलेले दिसते. आता ९४ हा क्रमांक ‘थांबलेला’ या रकान्यात कुठेही नसेल, तर तोच साखळीचा मूळ धागा. बाकीचे सगळे त्याच्यामागे रांगेत उभे आहेत, आणि त्यांतील कितीही किल केले तरी नवे येऊन उभे राहतात. आपल्याकडे तेच घडत असावे.

अशा मूळ सेशनसमोर ‘ब्लॉकिंग क्वेरी’ या रकान्यात पुष्कळदा ‘नल’ दिसते. याचा अर्थ माहिती मिळाली नाही असा घेऊ नये. ते सेशन आत्ता काहीही चालवत नाही, फक्त ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून बसले आहे, असा त्याचा अर्थ आहे आणि निदानाच्या दृष्टीने ही फार मोलाची खूण आहे. अशा वेळी ९४ हा कनेक्शन क्रमांक घेऊन परफॉर्मन्स स्कीमामधील (सर्व्हरच्या अंतर्गत कामाच्या नोंदी येथे असतात) ‘थ्रेड्स’ या टेबलमध्ये जावे, तेथे ‘प्रोसेसलिस्ट आयडी’च्या रकान्यात ९४ शोधून त्याच्या बाजूचा थ्रेड आयडी घ्यावा (हा आकडा वेगळा असतो, घोटाळा नेमका येथेच होतो), आणि त्या थ्रेड आयडीने ‘इव्हेंट्स स्टेटमेंट्स हिस्टरी’ हे टेबल इव्हेंट आयडीच्या क्रमाने वाचावे. त्या सेशनने नुकत्याच पूर्ण केलेल्या क्वेऱ्या तेथे क्रमाने मिळतात, आणि ज्या अपडेट, डिलीट किंवा ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने लॉक घेतले ती बहुतेक वेळा त्यांतच असते.

या नोंदींना दोन मर्यादा आहेत. एका थ्रेडच्या सामान्यतः शेवटच्या १० क्वेऱ्याच या टेबलमध्ये राहतात, त्यामुळे ट्रान्झॅक्शन लांबलचक असेल तर सुरुवातीची क्वेरी पुसली गेलेली असू शकते. हे वारंवार होत असेल तर त्या टेबलचा आकार सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये वाढवून ठेवावा. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. कनेक्शन बंद झाले की त्या थ्रेडच्या नोंदीही जातात. घाईघाईने किल केले की पुरावा गेला, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून आधी या सर्व नोंदी एका फाइलमध्ये किंवा वेगळ्या टेबलमध्ये उतरवून घ्याव्यात, मगच किल करावे. किल करताना ‘किल क्वेरी’ देऊन उपयोग नसतो, कारण झोपलेल्या सेशनमध्ये थांबवण्यासारखी क्वेरीच नसते. पूर्ण कनेक्शनच तोडावे लागते. त्याआधी ‘इन्फर्मेशन स्कीमा’तील ‘इनोडीबी ट्रक्स’ (INNODB_TRX) या टेबलमध्ये त्या ट्रान्झॅक्शनने किती ओळी बदलल्या आहेत हेही पाहून घ्यावे. लाखो ओळी बदललेल्या असतील, तर रोलबॅकलाही बराच वेळ लागेल आणि तो पुरा होईपर्यंत लॉक सुटणार नाहीत.

आता आपल्या ‘टेबल लॉक होते’ या शब्दप्रयोगाकडे वळतो, कारण तेथे गैरसमजाला बराच वाव आहे. परफॉर्मन्स स्कीमातील ‘डेटा लॉक्स’ हे टेबल उघडले की ‘टेबल’ या प्रकाराच्या आणि ‘आयएक्स’ या मोडच्या कितीतरी ओळी दिसतात. त्या पाहून टेबल लॉक सापडले असे अनेकांना वाटते, पण ‘आयएक्स’ हे केवळ पुढे काही ओळींवर लॉक घेण्याचा इरादा नोंदवणारे लॉक आहे. दोन ट्रान्झॅक्शनची अशी लॉक एकमेकांना मुळीच अडवत नाहीत. खरा शोध ‘रेकॉर्ड’ या प्रकाराच्या ओळींत घ्यावा.

समजा, मूळ सेशनची क्वेरी ऑर्डर्स टेबलमधील ‘संदर्भ क्रमांक’ या रकान्यावर अट घालून एकच ओळ अपडेट करते, आणि त्या रकान्यावर इंडेक्स नाही. इनोडीबी पाहिलेल्या ओळींवर लॉक घेते, अटीत बसलेल्या ओळींपुरते थांबत नाही. त्यामुळे मूळच्या ‘रिपीटेबल रीड’ या आयसोलेशन पातळीवर (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग राहतील ते ठरवणारी सेटिंग) अशी क्वेरी प्रायमरी कीवरून संपूर्ण टेबल चाळते आणि वाटेतल्या प्रत्येक ओळीवर लॉक ठेवत जाते. ‘डेटा लॉक्स’मध्ये हे चित्र अगदी स्पष्ट ओळखता येते : इंडेक्सच्या नावाच्या जागी सर्वत्र ‘प्रायमरी’, मोड ‘एक्स’ (इतरांना त्या ओळीवर लॉक घेऊ न देणारे लॉक), लॉक डेटाच्या रकान्यात एकामागून एक प्रायमरी कीच्या किमती, आणि त्यांतच कुठेतरी ‘सुप्रीमम स्यूडो-रेकॉर्ड’ अशी एक नोंद. ही नोंद म्हणजे शेवटच्या ओळीच्या पलीकडची मोकळी जागा. तीही लॉक झाल्यामुळे शेवटी भर घालणारे नवे इन्सर्टसुद्धा खोळंबतात. तांत्रिकदृष्ट्या ही सगळी रो-लॉकच, पण परिणाम टेबल लॉकचाच. बदलायची ओळ एक आणि लॉक केलेल्या ओळी दोन लाख, अशी तफावत ‘इनोडीबी ट्रक्स’मधील लॉक केलेल्या व बदललेल्या ओळींच्या रकान्यांत दिसली, तर इंडेक्सचा अभाव हेच कारण जवळजवळ निश्चित समजावे. क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा देऊन खात्री करावी आणि इंडेक्स घालावा. ‘रीड कमिटेड’ या पातळीवर अटीत न बसणाऱ्या ओळींची लॉक लगेच सोडली जातात, त्यामुळे त्रास कमी होतो. परंतु इंडेक्सला तो पर्याय नाही.

क्वेरी सापडली तरी ती कोडमध्ये कोठून येते हे शोधायचे उरतेच. क्वेरीच्या मजकुरातच मॉड्यूलचे नाव कॉमेंट म्हणून घालण्याची पद्धत मी आग्रहाने सुचवेन, कारण फ्रेमवर्कने तयार केलेल्या क्वेऱ्या एकसारख्या दिसतात आणि त्यांवरून कोडची जागा ओळखणे कठीण जाते. कोडमध्ये पाहताना दोन जागा आधी तपासाव्यात : ट्रान्झॅक्शन सुरू केल्यावर मध्येच एखाद्या बाहेरच्या सेवेला विनंती पाठवून उत्तराची वाट पाहणारा भाग, आणि एक्सेप्शन आल्यावर रोलबॅक न करताच बाहेर पडणारा भाग. कित्येकदा यावर उपाय म्हणून ‘इनोडीबी लॉक वेट टाइमआउट’ची ५० सेकंदांची मूळ मुदत वाढवली जाते. तसे करू नये. त्याने त्रुटी उशिरा येते, तोवर अडकलेली कनेक्शन साचत जातात आणि एका टेबलचा प्रश्न संपूर्ण ॲप्लिकेशनचा होऊन बसतो.

प्रश्न : एका टेबलमध्ये नवा कॉलम घालण्यासाठी आम्ही ‘ऑल्टर टेबल’ दिले. ‘इन्स्टंट’ पद्धतीने ते क्षणात होईल असे वाचले होते. प्रत्यक्षात ते अडकले आणि त्यानंतर त्या टेबलवरच्या साध्या सिलेक्ट क्वेऱ्याही बंद पडल्या. ‘इनोडीबी लॉक वेट्स’मध्ये मात्र काहीच दिसले नाही. असे का?

उत्तर : कारण हे रो-लॉक नव्हतेच. हे मेटाडेटा लॉक, म्हणजे टेबलच्या रचनेवरचे लॉक, होते आणि ते इनोडीबीच्या वर, सर्व्हरच्या पातळीवर घेतले जाते. प्रोसेसलिस्टमध्ये ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ अशी अवस्था दिसली असेल, तर तोच प्रकार.

येथे अडवणारी क्वेरी एखादी निरुपद्रवी सिलेक्टसुद्धा असू शकते. ट्रान्झॅक्शनमध्ये एखादे टेबल नुसते वाचले तरी त्या टेबलच्या रचनेवर एक सामायिक लॉक बसते आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहते. ऑल्टर कितीही झटपट होणारे असले, तरी क्षणभरासाठी त्याला रचनेवर संपूर्ण ताबा लागतो. तो मिळेपर्यंत ते थांबते, आणि त्याच्यानंतर आलेल्या सिलेक्ट त्याच्यामागे थांबतात. आपल्याला सिलेक्ट बंद पडलेल्या दिसल्या त्या यामुळे. पायथनच्या डेटाबेस ड्रायव्हरांच्या प्रमाणित नियमांनुसार ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप होणारे कमिट) सुरुवातीला बंद असते. त्यामुळे एखाद्या अहवालाच्या स्क्रिप्टने एक सिलेक्ट देऊन कनेक्शन तसेच उघडे ठेवले, तर लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना ट्रान्झॅक्शन उघडे राहते.

अडवणारा शोधण्यासाठी ‘सिस’ स्कीमातील ‘स्कीमा टेबल लॉक वेट्स’ हा व्ह्यू पाहावा, किंवा परफॉर्मन्स स्कीमातील ‘मेटाडेटा लॉक्स’ हे टेबल थेट वाचावे. त्यात लॉकची स्थिती ‘ग्रँटेड’ की ‘पेंडिंग’ हे दिलेले असते. व्ह्यूमध्ये ऑल्टर स्वतःच अनेकांना अडवणारे म्हणून दिसेल. त्याला दोषी धरू नये. त्याच टेबलवर ज्या थ्रेडकडे आधीपासून ‘ग्रँटेड’ लॉक आहे, त्याच्यापर्यंत जावे आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे त्याचा क्वेरी-इतिहास वाचावा. आवृत्ती ५.७ असेल तर या टेबलची नोंदणी मुळात बंद असते, ती आधी चालू करावी लागते, ८.० मध्ये ती चालूच असते.

पुढच्या वेळी ऑल्टर देण्यापूर्वी त्या सेशनपुरता ‘लॉक वेट टाइमआउट’ चार-पाच सेकंदांवर आणावा. (नाव सारखे असले तरी वर उल्लेखलेला, ‘इनोडीबी’ने सुरू होणारा टाइमआउट वेगळा.) त्याची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे चक्क एक वर्ष आहे. मुदत कमी ठेवली तर लॉक न मिळाल्यास ऑल्टर स्वतःच माघार घेते, मागची रांग मोकळी होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो.

प्रश्न : आमचा डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे. लॉकची अडचण मध्यरात्रीच्या कामांच्या वेळी येते आणि सकाळी पाहावे तर सर्व सुरळीत चाललेले असते. घडून गेलेल्या लॉकचा माग मागाहून काढता येतो का?

उत्तर : आधी तयारी केलेली असेल तरच. लॉकची माहिती केवळ लॉक अस्तित्वात असेपर्यंत असते. लॉक सुटल्यावर ‘पीजी लॉक्स’ या चालू लॉक दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये तिचा मागमूस उरत नाही.

आजच ‘लॉग लॉक वेट्स’ ही सेटिंग चालू आहे ना, हे पाहावे. ती चालू असली की ‘डेडलॉक टाइमआउट’पेक्षा, म्हणजे मूळ सेटिंगनुसार एका सेकंदापेक्षा, जास्त वेळ थांबलेल्या प्रत्येक सेशनची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये होते. त्यात थांबलेली क्वेरी मिळते आणि लॉक धरलेल्या प्रोसेसचा क्रमांकही मिळतो. त्या प्रोसेसने कोणती क्वेरी चालवली होती, ते मात्र त्या नोंदीत येत नाही. म्हणून ‘लॉग लाइन प्रीफिक्स’मध्ये प्रोसेस क्रमांक आणि ॲप्लिकेशनचे नाव येईल अशी व्यवस्था करावी आणि रात्रीच्या प्रत्येक कामाला ॲप्लिकेशनचे वेगळे नाव द्यावे. ‘लॉग स्टेटमेंट’ची किंमत ‘मॉड’ केली, तर डेटा बदलणाऱ्या क्वेऱ्याही लॉगमध्ये येतात आणि प्रोसेस क्रमांकावरून दोन्ही टोके जुळवता येतात. मोठ्या वर्दळीच्या सर्व्हरवर याने लॉग झपाट्याने फुगतो, त्यामुळे ही सेटिंग रात्रीच्या कामांच्या डेटाबेस यूजरपुरतीच लावलेली बरी.

त्याच्या जोडीला रात्रीच्या त्या दोन-तीन तासांत दर पंधरा-वीस सेकंदांनी ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या चालू सेशन दाखवणाऱ्या व्ह्यूची प्रत एका टेबलमध्ये साठवणारे छोटे काम लावावे, आणि प्रत्येक सेशनसाठी ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ या फंक्शनचे उत्तरही त्यातच ठेवावे. हे फंक्शन ९.६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि अडवणाऱ्या प्रोसेसचे क्रमांक थेट देते. ‘पीजी लॉक्स’ स्वतःशीच जोडून लिहिलेल्या लांबलचक क्वेऱ्या अजूनही फिरत असतात, त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय पोस्टग्रेसमध्ये रो-लॉकची खूण त्या ओळीवरच ठेवली जाते, आणि तेथे थांबलेले सेशन ‘पीजी लॉक्स’मध्ये दुसऱ्या ट्रान्झॅक्शनच्या क्रमांकावर वाट पाहताना दिसते, त्यामुळे केवळ टेबलच्या नावाने शोध घेतला तर हाती फारसे काही लागत नाही.

साठवलेल्या प्रतींत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे, पण काम थांबलेले) अवस्थेतील सेशन आधी पाहावे. त्याच्यासमोर दिसणारी क्वेरी ही त्या सेशनने शेवटी चालवलेली क्वेरी असते. लॉक तिनेच घेतले असे मानता येत नाही. त्याच सेशनच्या आधीच्या प्रती मागे मागे वाचत जाव्यात आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेपर्यंत पोहोचावे.

प्रश्न : आम्ही एसक्यूएल सर्व्हर वापरतो. जुन्या नोंदी काढून टाकणारे एक डिलीट सुरू झाले की संपूर्ण टेबल अडते, इंडेक्स योग्य असूनही. सर्व सिलेक्टमध्ये ‘नोलॉक’ (लॉकची पर्वा न करता वाचण्याची सूचना) घालावे, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : मानू नये. ‘नोलॉक’ने कमिट न झालेला डेटा वाचला जातो, आणि चाळणी चालू असताना ओळींची जागा हलली तर एखादी ओळ दोनदा येऊ शकते किंवा मुळीच येत नाही. ज्या अहवालावर कोणी निर्णय घेणार आहे, त्यात हे चालण्यासारखे नाही.

आपले वर्णन लॉक एस्कलेशनचे आहे. एकाच स्टेटमेंटने एका टेबलवर साधारण ५,००० लॉक घेतली की एसक्यूएल सर्व्हर ती अनेक लॉक सोडून त्यांच्या जागी एकच टेबल लॉक घेण्याचा प्रयत्न करतो. नेमक्या कोणत्या स्टेटमेंटने हे घडते, ते एक्स्टेंडेड इव्हेंट्स या सर्व्हरच्या घटना-नोंदणी सुविधेतील ‘लॉक एस्कलेशन’ हा इव्हेंट टिपून ठेवला की मजकुरासह कळते. अडकलेल्या क्वेऱ्यांची नोंद देणारा ‘ब्लॉक्ड प्रोसेस रिपोर्ट’ही चालू करावा, पण त्यासाठी ‘ब्लॉक्ड प्रोसेस थ्रेशोल्ड’ शून्यावरून बदलून काही सेकंदांवर न्यावा लागतो. त्यानंतर डिलीट एका वेळी दोन-तीन हजार ओळींच्या तुकड्यांत करावे आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करावे. सगळे तुकडे एकाच मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेले असतील, तर प्रत्येक तुकड्याची लॉक शेवटच्या कमिटपर्यंत साचत जातात आणि तुकडे करण्याचा हेतूच फसतो. वाचणाऱ्यांची अडचण त्यानंतरही उरली, तर ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ (वाचणाऱ्यांना ओळींची आधीची कमिट झालेली प्रत देणारा) हा पर्याय चाचणीच्या सर्व्हरवर ‘टेम्पडीबी’ या तात्पुरत्या डेटाबेसवरील वाढता ताण मोजून मग वापरावा.